माघारी बोलावण्याचा अधिकार कोणाचा?

२६ मार्च २०२२ रोजी पुण्याच्या लोहगाव भागात रस्त्याच्या कडेला उभी करून ठेवलेली विजेवरची एक स्कूटर पेटली. ती चार्जिंगला लावलेली नव्हती, कोणी तिला धडक दिली नव्हती. आधी धूर निघाला आणि पाहता पाहता गाडीचा सांगाडा उरला. त्याच सुमारास तामिळनाडूतील वेल्लोर येथे घरात रात्री चार्जिंगला लावलेल्या दुसऱ्या एका कंपनीच्या स्कूटरने पेट घेतला आणि धुराने गुदमरून बाप व त्याची तेरा वर्षांची मुलगी मरण पावली. ९ एप्रिलला नाशिकहून बंगळूरकडे निघालेल्या कंटेनरमधील चाळीस नव्या स्कूटरींपैकी वीस जळाल्या. त्यांनी अजून गिऱ्हाइकाचे तोंडही पाहिलेले नव्हते. तेलंगणात निजामाबादला एक ऐंशी वर्षांचा वृद्ध गेला. या घटनांनंतर महिन्याच्या आत तीन कंपन्यांनी आपापल्या गाड्या तपासणीसाठी माघारी बोलावल्या : ओकिनावाने ३,२१५, प्युअर ईव्हीने २,००० आणि ओलाने १,४४१. एकूण ६,६५६.

वाहनउद्योगाच्या भाषेत याला 'रिकॉल' म्हणतात. विकलेल्या मालात धोक्याचा दोष आढळला की उत्पादकाने तो परत बोलवावा, फुकट दुरुस्त करून द्यावा अथवा बदलून द्यावा, ही त्यामागील कल्पना. कल्पना चांगली आहे यात शंका नाही. बाजारात सडका माल विकून हात वर करणाऱ्या व्यापाऱ्यापेक्षा 'गाडी आणून दाखवा' म्हणणारा कारखानदार केव्हाही बरा. परंतु या तीन आकड्यांकडे थोडे निरखून पाहिले तर एक साधा प्रश्न उभा राहतो. १,४४१ च का? त्यापुढच्या १,४४२ व्या गाडीत दोष नाही, हे कोणी ठरवले? ज्या कंपनीने गाडी केली, तपासली, विकली, तिनेच. पुण्याची घटना एकाकी स्वरूपाची असून हा रिकॉल केवळ खबरदारीचा आहे, असे सांगितले कोणी? तेही कंपनीनेच. आरोपी, साक्षीदार, पंच आणि न्यायाधीश एकच असल्यावर निकाल काय लागणार हे सांगायला विधिज्ञाची गरज नाही.

आग का लागते हे प्रत्येक कार्यकर्त्याने समजून घ्यावे, कारण दोष कोणाचा हा वाद तिथूनच सुरू होतो. स्कूटरच्या बॅटरीत लिथियमचे अनेक छोटे सेल एकमेकांना जोडून बसवलेले असतात. त्यांतील एखाद्याच्या आतला पातळ पडदा फाटला, किंवा धातूचा कण आत राहून गेला, किंवा जोडणी सैल राहिली, की तो सेल तापू लागतो. एका मर्यादेपलीकडे तापलेला सेल आपली उष्णता आपणच वाढवत नेतो आणि शेजारच्याला पेटवतो, तो त्याच्या शेजारच्याला. गंजीला लागलेली आग जशी पेंढीपेंढीने सरकते तसेच हे. हे होऊ नये म्हणून सेलांत अंतर ठेवायचे असते, उष्णता बाहेर जाण्याची वाट ठेवायची असते, आणि प्रत्येक सेलवर लक्ष ठेवून वेळीच प्रवाह तोडणारी नियंत्रण यंत्रणा बसवायची असते. या तिन्ही गोष्टींना पैसा लागतो. किमतीच्या स्पर्धेत पहिली कात्री नेमकी तिथे लागते, कारण गिऱ्हाइकाला ती दिसत नाही. त्याला रंग दिसतो, वेग दिसतो आणि एका चार्जिंगमध्ये किती किलोमीटर जाते तो आकडा दिसतो.

आणि आग लागली की पहिले बोट वापरणाऱ्याकडे जाते. गाडी उन्हातून आणून लगेच चार्जिंगला लावली. साधा एक्स्टेन्शन बोर्ड वापरला. रात्रभर लावून ठेवली. यातील काही गोष्टी करू नयेत हे खरे. पण ज्याच्या घरात एकच खोली आहे त्याने बॅटरी काढून कोठे न्यावी? २०२२ च्या सप्टेंबरात वसईत एका घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा पहाटे स्फोट झाला आणि भाजलेला सात वर्षांचा मुलगा आठवड्याने दवाखान्यात मरण पावला. काढून घरात नेता येणारी बॅटरी हे ज्या गाडीचे विक्रीचे वैशिष्ट्य, तिची बॅटरी घरातच चार्ज होणार हे कारखानदाराला ठाऊक असते. जे ठाऊक आहे ते गृहीत धरूनच वस्तू बनवावी लागते.

'शॉर्टसर्किट' या शब्दाबद्दलही थोडे सांगितले पाहिजे. गिरणी जळो, दुकान जळो, गाडी जळो, पंचनाम्यात हा शब्द लिहिला की सगळ्यांची सुटका होते. १९ मार्च २०२५ रोजी हिंजवडीत कर्मचाऱ्यांना नेणारी मिनीबस पेटून चौघे दगावले, तेव्हा प्रथम शॉर्टसर्किटच सांगण्यात आले; दुसऱ्याच दिवशी पोलिसांनी चालकानेच आग लावल्याचा आरोप ठेवला. हा शब्द चौकशी सुरू होण्याआधीच ती संपवतो. खरोखर शॉर्टसर्किट झाले असेल तर प्रश्न तिथून पुढे सुरू व्हायला हवा : कोणत्या वायरीत, कोणत्या स्विचमध्ये, कोणी पुरवलेल्या?

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. विजेच्या गाड्या येण्यापूर्वी टाटांची नॅनो आली होती. २००९ मध्ये 'लाखाची गाडी' म्हणून तिचे जे कौतुक झाले त्यात मध्यमवर्गाबरोबर अनेक पुरोगामी माणसेही सामील होती. पावसात दुचाकीवर चार जणांचे कुटुंब भिजत जाते, त्यांना छप्पर मिळेल, या विचाराला नाक मुरडण्याचे कारण नव्हते. त्याच वर्षी काही गाड्यांतून धूर निघाला आणि कारण एका स्विचमधील शॉर्टसर्किट असल्याचे कंपनीने सांगितले. मार्च २०१० मध्ये मुंबईत एक कोरी नॅनो दालनातून घरी नेत असतानाच वाटेत जळाली. आणखी घटना घडल्या. अखेर नोव्हेंबर २०१० मध्ये कंपनीने विकलेल्या सुमारे सत्तर हजार गाड्यांच्या धूरनळीला आणि विजेच्या जोडण्यांना जादा संरक्षण फुकट बसवून देण्याचे जाहीर केले. मात्र हा रिकॉल नव्हे, गाडी सुरक्षितच आहे, असेही त्याबरोबर बजावले. गिऱ्हाइकाने यातून काय समजायचे ते समजून घेतले. त्या महिन्यात देशभरात अवघ्या ५०९ नॅनो विकल्या गेल्या. दोष मान्य करण्याने नाव जाते अशी जी भीती कारखानदार बाळगतात, तिला हे उत्तर आहे. नॅनोचे नाव दोष अर्धवट मान्य केल्याने गेले. आणि स्वस्त म्हणजे गरिबासाठी, गरिबासाठी म्हणजे थोडे कमी सुरक्षित चालेल, हा जो न बोललेला हिशेब असतो, तोही लोकांच्या ध्यानात आला.

हा हिशेब अन्यत्र एकदा कागदावर उतरलेला आहे. १९७३ साली अमेरिकेच्या फोर्ड कंपनीतील अभियंत्यांनी, गाडी उलटल्यावर इंधन गळून लागणाऱ्या आगी टाळण्यासाठी काय खर्च येईल याचे टिपण केले. सव्वा कोटी वाहनांना दर गाडीमागे ११ डॉलर, म्हणजे सुमारे १३ कोटी ७० लाख डॉलर. दुसऱ्या बाजूला वाचणारे १८० जीव, प्रत्येकी दोन लाख डॉलर. तितकेच गंभीर भाजलेले, प्रत्येकी ६७ हजार. जळणाऱ्या २,१०० गाड्या, प्रत्येकी ७०० डॉलर. बेरीज ४ कोटी ९५ लाख. म्हणजे दुरुस्ती परवडत नाही. अर्थशास्त्राच्या वर्गात खर्च-लाभ विश्लेषणाचे धडे देताना हे उदाहरण सांगावे लागते. बेरजेत चूक कोठेच नाही. जे बेरजेला धरायचे नव्हते ते धरले आहे, एवढीच तिच्यातली गोम. माणसाच्या जिवाचा दोन लाखांचा दर कंपनीने स्वतः काढलेला नव्हता, तो सरकारी सुरक्षा यंत्रणेच्याच कागदातून घेतलेला होता, हे मात्र सांगितलेच पाहिजे. त्याच कंपनीच्या पिंटो गाडीची मागील धडकेत पेटणारी इंधनटाकी पुढे गाजली आणि १९७८ मध्ये पंधरा लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. त्याआधी १९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी मोटार कारखानदारांवर केलेला हल्ला आणि १९६६ चा वाहन सुरक्षा कायदा झाला नसता, तर तेवढेही झाले नसते.

भारतात हा कायदा व्हायला आणखी अर्धशतक जावे लागले. तोवर २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या संघटनेने स्वतःच लिहिलेली ऐच्छिक संहिता होती. २०१९ च्या दुरुस्तीने मोटर वाहन कायद्यात कलम ११०-अ आले आणि १ एप्रिल २०२१ पासून त्याचे नियम लागू झाले. या कलमाने केंद्र सरकारला गाड्या सक्तीने माघारी बोलावण्याचा अधिकार दिला आहे. ठराविक टक्के मालकांनी तक्रार केली, किंवा चाचणी संस्थेने कळवले, किंवा 'अन्य कोणत्याही मार्गाने' दोष समजला, तरी सरकार हुकूम काढू शकते; उत्पादकाला किंमत परत करायला, गाडी बदलून किंवा दुरुस्त करून द्यायला लावू शकते. नियमांतील दंड दहा लाखांपासून एक कोटीपर्यंत. मात्र उत्पादकाने स्वतःहून दोष कळवून गाड्या बोलावल्या तर त्याला दंड नाही.

ही शेवटची सवलत चुकीची आहे असे म्हणता येणार नाही. कबुली देणाऱ्याला शिक्षा दिली तर पुढचा कबूल करणार नाही, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. पण सवलत कबुलीला आहे. मोघम निवेदनाला नाही. परदेशात शेव्हरोले बोल्ट या विजेच्या मोटारी पेटू लागल्या तेव्हा २०२१ मध्ये कंपनीने एकूण एक, सुमारे एक लाख चाळीस हजार गाड्या बोलावल्या आणि कारण सांगितले : सेलमधील एक पट्टी फाटलेली आणि पडदा दुमडलेला, दोन्ही दोष एकाच सेलात आले की आग. तोपर्यंत गाडी घराबाहेर उभी करा, चार्जिंग पूर्ण करू नका, असे मालकांना बजावले. आपल्याकडे एप्रिल २०२२ च्या रिकॉलमध्ये 'सैल जोडण्या अथवा इतर बिघाड तपासू' आणि 'बॅटरीची सर्वंकष तपासणी करू' यापलीकडे गिऱ्हाइकाच्या हाती काय पडले? सरकारने संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेकडून चौकशी करवली, तज्ज्ञांची समिती नेमली, आणि समितीच्या शिफारशींवरून बॅटरीचे निकष कडक करून ते १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केले. हे स्तुत्यच आहे. परंतु नवे निकष नव्या गाड्यांना. जुन्या निकषांवर पास होऊन आधीच रस्त्यावर आलेल्या गाड्यांच्या धन्यांनी काय करावे, याचे उत्तर त्यात नाही. निकष अपुरे होते असे शासनाने कृतीने मान्य केले, मग त्या अपुऱ्या निकषांखाली विकल्या गेलेल्या बॅटऱ्या तपासण्याची जबाबदारीही त्याच्यावर येते.

ती दुसऱ्याही कारणाने येते. या गाड्या केवळ खाजगी भांडवलावर विकल्या गेलेल्या नाहीत. 'फेम'च्या दुसऱ्या टप्प्यात, म्हणजे एप्रिल २०१९ ते मार्च २०२४ या काळात, दहा हजार कोटींच्या योजनेतून जनतेचा पैसा त्यात ओतला गेला. जून २०२१ पासून दोन वर्षे दुचाकीच्या बॅटरीच्या दर किलोवॅट-तासाला पंधरा हजार रुपये, किमतीच्या चाळीस टक्क्यांपर्यंत अनुदान होते. सुटे भाग देशातच बनवण्याची अट मोडली म्हणून काही कंपन्यांकडून पुढे अनुदानाची परतफेडही मागितली गेली. म्हणजे सुटा भाग कोठला हे शासनाने तपासले, तो पेटणार नाही ना हे तपासण्याची निकड मात्र माणसे मेल्यावर वाटली. गाडीच्या किमतीचा तिसरा-चौथा हिस्सा जनतेच्या तिजोरीतून देणाऱ्याला तिच्या दोषाचा अहवाल मागण्याचा अधिकार नसेल, तर त्याला भागीदार न म्हणता देणगीदार म्हणावे लागेल.

दोष सर्वांत आधी कोणाला कळतो, याचा विचार या चर्चेत कोणी करत नाही. तो जोडणीच्या पट्ट्यावर उभ्या असलेल्या कामगाराला कळतो. कोणता जोड नीट बसत नाही, कोणत्या पुरवठादाराची वायर सोलली जाते, कोणत्या आठवड्यात उत्पादन वाढवण्यासाठी तपासणी आटोपती घेतली, हे त्याला आणि दुरुस्ती केंद्रातल्या मेकॅनिकला अहवाल निघण्याच्या कितीतरी आधी माहीत असते. पण तो कामगार कंत्राटी आहे. अकरा महिन्यांच्या करारावरचा माणूस साहेबाला 'हा माल पाठवू नका' असे कशाच्या जोरावर सांगणार? कलम ११०-अ मधील 'अन्य कोणत्याही मार्गाने' या शब्दांत कामगाराची तक्रार बसते. ती करणाऱ्याची नोकरी टिकेल अशी तरतूद हवी. कामगार संघटनांनी आपल्या मागणीपत्रात बोनसच्या शेजारी ही मागणी लिहायला हरकत नाही.

आता गडहिंग्लजकडे या. लोहगावची आग दूरदर्शन संचावर सगळ्यांनी पाहिली. रिकॉलची बातमी कितींनी वाचली? कंपनीचे पत्र वा संदेश जातो तो पहिल्या मालकाला, त्याने खरेदीवेळी दिलेल्या क्रमांकावर. पण दुचाकीचा प्रवास पुण्यात संपत नाही. पुण्या-मुंबईत चार वर्षे वापरलेली गाडी गावाकडे येते. नेसरी, नूल, महागाव, हलकर्णी अशा गावांत दूध डेअरीला घालायला, पोराला कॉलेजला जायला उपयोगी पडते. दुसरा मालक, कधी तिसरा. त्याला आपल्या गाडीचा क्रमांक कोणत्या यादीत होता हे कोण सांगणार? आणि समजलेच, तरी कंपनीचे अधिकृत केंद्र कोल्हापूरला असेल तर साठ-सत्तर किलोमीटर ती कशी न्यायची? पेटण्याचा संशय असलेली गाडी चालवत न्या, असे सांगण्यासारखे हास्यास्पद दुसरे काही नाही. टेम्पोचे भाडे कोणी द्यायचे? 'दुरुस्ती फुकट' या शब्दांत हे भाडे आणि बुडालेली दोन दिवसांची मजुरी येत नाही.

त्याहून बिकट स्थिती कमी वेगाच्या स्कूटरींची आहे. ज्यांची मोटार पाव किलोवॅटहून कमी आणि वेग ताशी पंचवीस किलोमीटरच्या आत, त्या नियमांप्रमाणे मोटर वाहनच ठरत नाहीत. लायसन नको, पासिंग नको, म्हणून शाळकरी मुले आणि म्हातारी माणसे त्याच घेतात, आणि छोट्या गावांत त्या बऱ्याच दिसतात. आरटीओच्या वहीत त्यांचे नाव नाही, तेव्हा कलम ११०-अ त्यांना लागू नाही. त्यांच्यासाठी उरतो २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा, ज्याच्या कलम २० खाली केंद्रीय प्राधिकरण धोकादायक वस्तू बाजारातून परत बोलावू शकते. सर्वांत स्वस्त गाडी, सर्वांत नाजूक स्वार, आणि सर्वांत दूरचे कार्यालय.

विजेच्या गाड्याच नकोत, असा याचा अर्थ कोणी काढू नये. पेट्रोलच्या गाड्याही पेटतात, आणि धुराने मरणाऱ्यांची तर नोंदसुद्धा होत नाही. तेलाच्या आयातीवरचे परावलंबन कमी करणारे तंत्र समाजवाद्यांनी स्वीकारलेच पाहिजे. पण स्वीकारताना त्याची किंमत वापरणाऱ्याच्या घरावर टाकू नये.

मागण्या अवघड नाहीत. गाडी कोणाच्या नावावर आहे हे शासनाच्या 'वाहन' नोंदणीत असते. हस्तांतर झाले की नाव बदलते. रिकॉलची सूचना कंपनीने नव्हे तर आरटीओने आजच्या मालकाला, त्याच्या भाषेत पाठवावी. विम्याचे नूतनीकरण करताना आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करताना तिचा रिकॉल बाकी आहे की नाही हे कागदावर छापून यावे. दुरुस्ती तालुक्याच्या गावी व्हावी, नाहीतर नेण्या-आणण्याचा खर्च उत्पादकाने सोसावा. कमी वेगाच्या स्कूटरींचीही बॅटरीच्या क्रमांकासह साधी नोंद विक्रेत्याकडे सक्तीची करावी. आणि प्रत्येक रिकॉलचा तांत्रिक अहवाल सहा महिन्यांत जनतेसमोर यावा.

यासाठी मुंबई-दिल्लीकडे पाहत बसण्याचे कारण नाही. कायदा तक्रार करणाऱ्या मालकांची टक्केवारी मोजतो. एकट्याची तक्रार टोपलीत जाते, एका बनावटीच्या पन्नास गाड्यांच्या मालकांची सहीनिशी तक्रार जात नाही. शाखेच्या कार्यकर्त्यांनी आपापल्या गावात एक वही घालावी : गाडीची कंपनी, नमुना, बॅटरीचा क्रमांक, कधी तापली, कधी धूर आला, विक्रेत्याने काय उत्तर दिले. कॉलेजातील मुले हे काम एका सुट्टीत करतील. वही भरली की तिची एक प्रत कोल्हापूरच्या आरटीओकडे, एक जिल्हा ग्राहक आयोगाकडे आणि एक केंद्रीय परिवहन मंत्रालयाकडे स्पीड पोस्टाने पाठवावी आणि पोचपावती शाखेत जपून ठेवावी.